मायक्रोफोन नंतर, आधी वही काढ

"ताई, मी पिंपरी-चिंचवडला राहतो, वय 27. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. 2022 मध्ये मी आणि माझ्या शाळेतल्या मित्राने हिप-हॉपचं लेबल, म्हणजे गाणी काढणारी छोटी कंपनी, सुरू केली. तो पूर्ण वेळ बघतो, मी शिफ्ट संपल्यावर. सहा रॅपर, दोन बीटमेकर म्हणजे रॅपमागचं संगीत करणारे, आतापर्यंत 38 गाणी. तिघांशी करार आहे, तोही नेटवरून घेतलेला एकपानी. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर ठरलेलं. मित्राचा नियम असा की दर दुसऱ्या शुक्रवारी गाणं आलंच पाहिजे. आता लोक खाली लिहितात, 'बोल ऐकू येत नाहीत', 'बीट भारी, आवाज बाथरूममधला'. एक बीटमेकर पैशांवरून सोडून गेला. त्याचे 22,000 द्यायचे राहिले होते. त्याच्या लॅपटॉपमध्ये 11 गाणी अडकली. एका रॅपरने इन्स्टाग्रामवर लाइव्ह जाऊन सांगितलं की लेबलने त्याचे पैसे खाल्ले. ताई, पैसे आलेच नाहीत हो. उलट माझ्या पगारातले अडीच लाख गेलेत. आता मित्र म्हणतो, चार लाखांचं कर्ज काढून स्वतःचा स्टुडिओ टाकू, क्वालिटी आली की भांडणं मिटतील. सोमवारी बँकेत जायचं ठरलंय. आई म्हणते बंद कर. काय करू?"

सोमवारी बँकेत जाऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं निवांत वाचता येईल. लेबल बंद करायची गरज मात्र मला दिसत नाही. तू पाठवलेली तिन्ही गाणी मी ऐकली, आधी हेडफोनवर आणि मग मुद्दाम फोनच्या स्पीकरवर. तुमच्याकडे लिहिणारी पोरं आहेत. भोसरीच्या एमआयडीसीतल्या रात्रपाळीवरचं जे गाणं आहे, त्यात तो मुलगा 'पंचिंग' हा शब्द कार्डाच्या आणि बुक्कीच्या अशा दोन्ही अर्थांनी फिरवतो, तिथे मी गाणं थांबवून पुन्हा ऐकलं. असं लिहिणारा माणूस तुमच्याकडे असताना त्याचे बोल लोकांना ऐकू येत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटलं.

तुझ्या पत्रात दोन तक्रारी आहेत. गाणी नीट ऐकू येत नाहीत ही एक, माणसं भांडून जातात ही दुसरी. तुझ्या मित्राला वाटतं की पहिली मिटली की दुसरी मिटेल. मी बारा-तेरा वर्षं संगीताच्या धंद्यात हिशेबाच्या आणि रिलीजच्या बाजूला काढली आहेत. सुरुवातीला एका कंपनीत रॉयल्टीचे तक्ते जुळवत होते, नंतर छोट्या लेबलांची कामं केली. त्या अनुभवावरून सांगते, गाडी उलटी चालते. माणसांचं, पैशांचं आणि कागदांचं जे बिघडलेलं असतं तेच शेवटी गाण्यात ऐकू येतं.

रात्रपाळीचंच गाणं घे. आठव्या सेकंदाला बीट विकणाऱ्याचा टॅग, म्हणजे त्याच्या नावाची बोललेली खूण, ऐकू येतो. म्हणजे बीट नेटवरून लीजवर, भाड्याने, घेतलेली आहे, तीही सगळ्यात स्वस्तातली, एकच एमपीथ्री फाइल. त्या फाइलमध्ये किक ड्रम, 808 हा खोल बास, मेलडी सगळं एकत्र घट्ट दाबून बसलेलं असतं. मिक्स करणाऱ्याला, म्हणजे आवाज आणि वाद्यांचा तोल साधणाऱ्याला, त्यातलं 808 थोडं खाली घेऊन आवाजाला जागा करून देताच येत नाही. मग तो आवाज वर चढवतो, वरून लिमिटर, म्हणजे आवाजाला कमाल मर्यादा घालणारं साधन, लावतो, आणि 808 वाजलं की लिमिटर सगळंच खाली दाबतो. म्हणून प्रत्येक ठोक्याला तुमच्या पोराचा शब्द बुडतो. फोनवर तर खालचा बास ऐकूच येत नाही, पण त्याने केलेलं नुकसान ऐकू येतं. बास ऐकू येत नाही, बोलही बुडालेले, मधे नुसती हाय-हॅटची झांज खडखडतेय.

आता यात मायक्रोफोनचा दोष कुठे आहे? स्टेम्ससकट, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या फाइलींसकट, लीज घेतली असती तर काही हजार जास्त पडले असते, पण त्या गाण्याचं बजेट कुणी कागदावर मांडलंच नव्हतं. मिक्सला चार दिवस मिळाले असते तर मिक्सरने बीट परत मागितली असती, पण शुक्रवार उद्यावर आला होता. चार लाखांच्या स्टुडिओत हीच एमपीथ्री फाइल टाकली तरी हेच गाणं बाहेर येईल.

लीजवरच्या बीटचा आणखी एक धोका आहे, तो तुम्हाला अजून चावला नसेल तर चावेल. तीच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेली असते. त्यातल्या एकाने आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडी या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवलं की तुमच्या व्हिडिओवर त्याचा क्लेम येतो आणि पैसे त्याच्याकडे वळतात. बऱ्याच लीजमध्ये किती स्ट्रीमपर्यंत परवानगी आहे तेही लिहिलेलं असतं. 38 गाण्यांपैकी किती बीट लीजवरच्या आहेत आणि त्यांच्या पावत्या कुठे आहेत, हे तुला आत्ता सांगता येईल का? येणार नाही असं मी धरून चालते, कारण पत्रात तू दोन बीटमेकर लिहिलेस आणि लीजचा शब्दही काढला नाहीस.

तू क्वालिटीत काम करतोस म्हणून तुझ्या भाषेत सांगते. तुमच्या लाइनवर एखादा पार्ट ग्राहकाकडून परत आला तर तुम्ही काय करता? बॅच नंबर बघता. माल कुठल्या हीटचा म्हणजे धातूच्या ओतीचा, कुठल्या शिफ्टला, कुठल्या मशिनवर लागला, कुणी तपासला, हे अर्ध्या तासात निघतं. फायनल इन्स्पेक्शनला दहा माणसं जास्त बसवून रिजेक्शन कमी होत नाही, ते मागे प्रोसेसमध्ये जाऊन कमी करावं लागतं, हे तू रोज कुणाला तरी समजावत असशील. तुमच्या गाण्यांचा असा बॅच नंबर कुठे आहे? प्रत्येक रेकॉर्डिंगला ओळख म्हणून बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड मिळतो. तुमची गाणी ॲप्सवर पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरने तुम्हालाही 38 दिलेले असणार. त्या कोडपुढे एका ओळीत एवढं हवं: बोल कुणाचे, बीट कुणाची, मिक्स कुणाचा, खर्च किती, कुणाचा वाटा किती, प्रोजेक्ट फाइल कुठल्या ड्राइव्हवर. ही वही आज तुमच्याकडे नाही. कंपनीत तू असा माल गेटबाहेर सोडला नसतास.

शुक्रवारच्या नियमाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तुमचं मूळ दुखणं तिथे आहे.

तुझा मित्र वाईट सल्ला देतोय असं मी म्हणणार नाही. सतत काही ना काही येत राहिलं तर लोक विसरत नाहीत, हे त्याने मोठ्यांचं बघून शिकलेलं आहे. पण मोठ्यांचंच पुढचं पान त्याला वाचायला दे. नो लिमिट हे लेबल मास्टर पी या रॅपरने सुरू केलं, कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये रेकॉर्डच्या एका दुकानातून. मग ते न्यू ऑर्लिन्सचं लेबल म्हणून अमेरिकाभर गाजलं. मालकी आपल्या हातात ठेवून फक्त वितरण दुसऱ्याला द्यायचं, हे त्याने इतकं नीट जमवलं की आजही स्वतंत्र लेबलवाले त्याचंच उदाहरण देतात. 1998 या एका वर्षात त्यांनी वीसहून जास्त अल्बम काढले. एका अल्बमच्या आतल्या कागदावर पुढच्या अल्बमांच्या जाहिराती. माल तुफान खपला. पण एवढी गाणी बनवत कोण होतं? घरातलीच चार-पाच प्रोड्युसरची, म्हणजे बीट बनवणाऱ्यांची, टोळी, बीट्स बाय द पाउंड. दिवसरात्र तीच माणसं, तीच यंत्रं, म्हणून हळूहळू एकाचं गाणं दुसऱ्यासारखं वाटायला लागलं. 1999 मध्ये ती टोळी पैशांच्या आणि मालकीच्या वादातून बाहेर पडली. ज्या आवाजामुळे लेबल ओळखलं जायचं तो आवाजच घर सोडून गेला. 2003 मध्ये लेबलने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढ्या एका कारणाने ते बुडालं असं मी म्हणत नाही, पण घाणा चालू ठेवणाऱ्या माणसांचाच हिशेब राहिला की काय होतं ते त्यात स्वच्छ दिसतं. तुमचा बीटमेकर 22,000 साठी गेला, हे त्याच गोष्टीचं पिंपरीतलं रूप आहे.

शिवाय आता घाऊक गाणी काढणं पैशांच्या हिशेबानेही परवडत नाही. 2024 पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान 1,000 वेळा वाजलं नसेल तर त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळतच नाही. तू आकडे पाठवलेस म्हणून बरं झालं. तुमच्या 38 पैकी 23 गाणी या रेषेखाली आहेत. तिथे त्या 23 गाण्यांचे मिळून शून्य रुपये. हेच कष्ट दहा गाण्यांत घातले असते तर? आणि स्ट्रीम वाढवून देतो म्हणणाऱ्या माणसांना पैसे देण्याचा विचारसुद्धा करू नका. खोटे स्ट्रीम उघड उघड सापडले तर आता स्पॉटिफाय त्या गाण्यामागे लेबलकडून किंवा डिस्ट्रिब्युटरकडून 10 युरो दंड वसूल करतं, आणि डिस्ट्रिब्युटर तुमचं गाणं काढून टाकतो ते वेगळंच.

गाणं तयार नसेल तर ते थांबवणं हे लेबलचं पहिलं काम आहे. गाणं चढवायचं तर कलाकार स्वतःही चढवू शकतो, त्याला त्यासाठी तुमची गरज नाही. 'अजून नाही' म्हणणारा माणूस त्याला लेबलकडून मिळायला हवा. लॉस एंजेलिसच्या स्टोन्स थ्रो या लेबलचं 'मॅडव्हिलनी' नावाचं बीटमेकर मॅडलिब आणि रॅपर एमएफ डूम यांचं काम 2004 मध्ये आलं. त्याची कच्ची टेप 2002 मध्ये मॅडलिब ब्राझीलला गेला असताना चोरीला गेली आणि वर्षभर आधीच नेटवर फुटली. लोकांनी ती डोक्यावर घेतली होती. अशा वेळी घाईघाईने तीच काढून मोकळं होण्याचा मोह किती असेल! त्यांनी थांबून पुढे काम केलं, आणि डूमने आधीचा चढा आवाज सोडून खालच्या, निवांत सुरात बोल पुन्हा रेकॉर्ड केले. आज आपण जे ऐकतो ते हे दुसरं रूप. तुमच्या रात्रपाळीच्या गाण्याला असं दुसरं रूप मिळायला हवं होतं.

आता तुम्हाला सोडून गेलेल्या बीटमेकरकडे येऊ.

त्याने लॅपटॉप नेला म्हणून तुला राग आलाय, पण लॅपटॉप त्याचाच होता. फाइल घ्यायची जबाबदारी तुमची होती. माझ्याबाबतीत घडलेलं सांगते. मी ज्या एका छोट्या लेबलचं काम बघायचे, तिथे दोन वर्षांचं सगळं रेकॉर्डिंग एका काळ्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर होतं. ती टेबलाच्या कडेला असायची, वायर लोंबकळत. एके दिवशी चहाचा कप उचलताना कुणाचा तरी हात वायरीत अडकला आणि ती फरशीवर पडली. आवाज फार मोठा झाला नाही. नंतर लावली तर आतून टक टक टक असा आवाज यायला लागला, त्यानंतर ती उघडली नाही. गाणी ऑनलाइन होतीच, म्हणून आम्ही फार मनावर घेतलं नाही. आठ महिन्यांनी एका मालिकेवाल्यांनी त्यातलं एक गाणं मागितलं, पण प्रसंगात संवाद असल्याने त्यांना बोलांशिवायचा ट्रॅक हवा होता. आमच्याकडे नव्हता. ईमेलमध्ये सापडली ती एकच एमपीथ्री, बोलांसकट. त्या गाण्याने तोवर जेवढं कमावलं होतं त्याच्या कितीतरी पट रक्कम होती ती, आणि ज्या मुलाचं गाणं होतं त्याला हे मला फोन करून सांगावं लागलं. तो फोन मी विसरलेली नाही.

म्हणून नियम असा करा: बीटमेकरला पैसे देताना त्याच हाताने फाइल घ्यायच्या. प्रत्येक वाद्य वेगळं, 24 बिटच्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, सगळे स्टेम्स शून्यापासून सुरू होणारे, सोबत टेम्पो आणि पट्टी लिहिलेली. एक प्रत ड्राइव्हवर, दुसरी वेगळ्या घरात ठेवलेल्या ड्राइव्हवर, तिसरी क्लाउडवर. आणि पैसे गाणं चढायच्या आधी द्यायचे, हिट झाल्यावर नाही.

पैशांचं बोलायचं तर त्या रॅपरचा लाइव्ह मी बघितला नाही, तो तू थोडक्यात लिहिलास तेवढाच मला माहीत आहे. तो खोटं बोलला असं तुला वाटतं. मला वाटतं त्याला जे दिसलं ते तो बोलला. गाणं 60,000 वेळा बघितलं गेलं, त्याच्या हातात काही आलं नाही, तुमच्याकडून एक कागदही आला नाही. मग त्याने काय समजावं? तू अडीच लाख घातलेस हे त्याला कुणी दाखवलं?

आपल्याकडे तमाशाच्या फडात उचल असते. कलाकार हंगामाआधी फडमालकाकडून उचल घेतो आणि ती कामातून फेडतो. किती घेतली, किती फिटली, किती उरली, हे दोघांनाही माहीत असतं, निदान असायला हवं. तुम्ही एका गाण्यावर व्हिडिओ, मिक्स, पोस्टर धरून समज 14,000 घातले, तर ती त्या गाण्याची उचल आहे. गाण्याने 1,900 आणले तर 12,100 फिटायचे राहिले. उचल फिटल्यावर निम्मे त्याचे, निम्मे तुमचे. एवढं साधं गणित दर तीन महिन्यांनी एका पानावर प्रत्येकाला गेलं पाहिजे, आकडा शून्य असला तरी. मी तर म्हणेन शून्य असताना हमखास. ज्याला शून्याचा कागद वेळेवर मिळतो तो तुम्ही दिलेल्या पहिल्या पाचशे रुपयांवर विश्वास ठेवतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेव, उचलीत काय काय धरायचं ते आधी ठरलेलं हवं. मित्राचं पेट्रोल, शूटच्या दिवशीची बिर्याणी, हे मागाहून कुणाच्या नावावर टाकायचं नाही.

तुमच्या एकपानी करारात 'सर्व हक्क, सर्व काळ, सर्व जग' असं लिहिलंय. ते कागद वकिलाकडून बदलून घ्या, संगीताचं काम बघणारा वकील पुण्यात मिळेल. जाण्याआधी काही गोष्टी तुला माहीत हव्यात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर सही केलेला लेखी कागद लागतो. 'हो भावा, डन' या मेसेजवर करार नसलेल्यांचे बोल आणि चाली लेबलच्या झाल्या असं धरून चालू नकोस. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते सुटतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर बोल लिहिणाऱ्याचा आणि संगीत करणाऱ्याचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. तुमच्या पानावर सही असली तरी ते कलम तिथे टिकणार नाही. त्या सगळ्यांना आयपीआरएस या संस्थेचं सदस्य व्हायला सांगा, लिहिणाऱ्याचे आणि संगीतकाराचे पैसे त्या वाटेने येतात. आणि शब्दांची एक गफलत आधीच सोडवून ठेव. हिप-हॉपमध्ये आपण बीट बनवणाऱ्याला प्रोड्युसर म्हणतो, पण कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्याने ते करून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. करारात नुसतं 'प्रोड्युसर' लिहिलंत तर उद्या दोघेही म्हणतील की तो मीच.

कागद कच्चा राहिला तर काय होतं याचं सगळ्यात दुःखद उदाहरण म्हणजे डे ला सोल हे अमेरिकेतलं रॅप त्रिकूट. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या टॉमी बॉय या लेबलवर त्यांचा पहिला अल्बम आला आणि हिप-हॉपचा चेहराच बदलला. त्यांची गाणी दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधल्या शेकडो तुकड्यांवर उभी होती. त्या परवानग्या कॅसेट आणि तबकडीच्या काळातल्या, डिजिटलचा शब्द त्यात नाही. जग स्ट्रीमिंगवर गेलं तेव्हा ही गाणी मागे राहिली. 2014 मध्ये त्यांनी वैतागून आपले अल्बम एक दिवस फुकट वाटले. 2019 मध्ये लेबलने गाणी ऑनलाइन आणायचं ठरवलं, तर वाट्यावरून जाहीर भांडण झालं आणि ते बारगळलं. 2021 मध्ये रिझर्व्हॉयर या कंपनीने टॉमी बॉय विकत घेतली, तेव्हा कुठे गाडं हललं. 3 मार्च 2023 ला ती गाणी सगळीकडे आली. त्यांच्यातला डेव्ह, डेव्हिड जोलिकोर, 12 फेब्रुवारीला गेला होता. एकोणीस दिवस आधी.

ही तारीख मी तुला मुद्दाम सांगते आहे. आज तुमचं सगळं हसतखेळत, भाऊ-भाऊ चाललेलं असेल. तरी कागद करायचा तो तीस वर्षांनंतरच्या माणसांसाठी.

आता तुझ्या मित्राबद्दल. गाणी निवडतो तो, तारीख ठरवतो तो, पैसे मागतो तो, मिक्सला 'चालेल' म्हणतो तोच. आणि तू पगार देतोस. यात नकार द्यायला कुणी उरलंच नाही. कामं वाटून घ्या. गाणी निवडणं आणि पोरांना जमवणं त्याच्याकडे राहू दे, तो त्यात हुशार दिसतो. तयार गाणं सोडायचं की परत पाठवायचं हे तुझ्याकडे घे, आणि त्यावर त्याने भांडायचं नाही. हिशेबाची वही तिसऱ्या कुणाकडे, बीकॉम झालेली बहीण, मैत्रीण, कुणीही, पण महिन्याला ठरलेले पैसे देऊन. मिनियापोलिसचं ऱ्हाइमसेयर्स लेबल 1995 पासून चालू आहे. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन्हींपासून लांबच्या, थंड गावात. तेही मित्रांनीच काढलेलं होतं, पण स्वतः गाणारे आणि धंदा बघणारे वेगळे राहिले. दौरे केले, गावात स्वतःचं दुकान चालवलं, आपलं गाव सोडलं नाही. पिंपरीत बसून मुंबईची बरोबरी कशी करायची असं तुला वाटत असेल, तर ती करूच नका.

चार लाखांऐवजी पुढच्या सहा महिन्यांत साठ-सत्तर हजारांत काय होईल ते बघ. मायक्रोफोन आहे तोच राहू दे. 'बाथरूमचा आवाज' हा खोलीचा आवाज आहे, मोकळ्या भिंतींवरून परत येणारा. कपड्यांच्या कपाटासमोर मायक उभा करा, पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना आईच्या जाड गोधड्या टांगा, पंखा आणि फ्रिज बंद, तोंड आणि मायक यांच्यात एक वीत अंतर, मधे पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाची फुंकर अडवणारी जाळी. तुमच्या पोरांचा 'स' आणि 'च' फार टोचतो, तर त्यांना मायकच्या किंचित बाजूला तोंड करून बोलायला सांगा, मिक्समध्ये निम्मं काम वाचेल. मिक्सला बाहेरचा एक चांगला माणूस धरा, गाण्याला ठरलेली रक्कम, दोन वेळा दुरुस्ती. आवाज मोठा करण्याच्या नादी लागू नका. स्पॉटिफाय सगळ्यांना आवाजाच्या एकाच पातळीवर, साधारण उणे 14 एलयूएफएसवर, आणून ठेवतं, तुम्ही कितीही दाबलंत तरी तुमचं गाणं इतरांपेक्षा मोठं वाजणार नाही, फक्त चपटं होईल. आणि गाणं रिलीजच्या तीन आठवडे आधी डिस्ट्रिब्युटरकडे गेलेलं असू दे. प्लेलिस्टसाठी पाठवायचं तर किमान सात दिवस आधी पाठवा असं स्पॉटिफाय सांगतं. शुक्रवारच्या आदल्या रात्री चढवलेल्या 38 गाण्यांना ती संधी कधी मिळालीच नाही.

नवीन गाणं तीन महिने काढू नका. मित्राला हे जड जाईल. त्याला सांग की या तीन महिन्यांत रात्रपाळीचं गाणं नव्या बीटवर पुन्हा करायचंय, आणि ती बीट सोडून गेलेल्या मुलाने करायची.

कारण पहिलं काम तेच आहे. त्याच्या घरी जा, फोन करू नकोस. 22,000 सोबत घेऊन जा, सगळे जमत नसतील तर निम्मे आणि उरलेल्यांची तारीख लिहून. फाइलचा विषय पहिल्या भेटीत काढू नकोस. चूक आमची होती एवढं म्हण, चहा घे आणि ये. लाइव्ह गेलेल्या रॅपरला उलट लाइव्हने उत्तर देऊ नका. त्याच्या गाण्यांचा हिशेब एका पानावर लिहून त्याला समोर बसवून दाखव, तू घातलेले पैसेही त्यात येऊ देत. तो तरीही जातो म्हणाला तर त्याची गाणी कुणाकडे राहणार ते लिहून जाऊ दे.

आईला मात्र आज रात्रीच सांग की कर्ज काढत नाहीस. आणि वही झाली की मला लिही, 38 पैकी किती गाण्यांचे स्टेम्स सापडले तो आकडा सगळ्यात वर लिहून.